हाफ रिटर्न

रिक्षात आधी बास शिरायचा.
मान बाहेर काढून, मागच्या सीटवर आडवा,
ससूनला न्यायच्या पेशंटसारखा.
मग नथानिएल उजगरे माझ्याकडे बघायचे
आणि मी म्हणायचो, मास्तर, तुम्हाला जागा नाही.
ते सायकलवर मागून यायचे,
क्वार्टर गेटपासून ईस्ट स्ट्रीटपर्यंत,
काळा कोट, पँटला क्लिपा.

एकोणीस वर्षं हे भाडं मारलं.
जाताना मीटरप्रमाणे, येताना रात्रीचं हाफ रिटर्न.
लाकडालासुद्धा हाफ रिटर्न लावतोस होय रे, म्हणायचे
आणि सुटे मोजून द्यायचे.
चार आणे सोडले नाहीत, ना त्यांनी, ना मी.

दिवसा खडकीच्या कारखान्यात ते काडतुसं मोजत.
साहेबाला वाटे, माणूस मुका आहे.
मोजता मोजता डाव्या हाताची बोटं टेबलावर चालत,
एक दोन तीन चार, एक दोन तीन चार,
आणि पेटीत कधी एक कमी नाही, एक जास्त नाही.

बास मिळाला भवानी पेठेत, टिंबर मार्केटमागं,
मोडीत निघालेल्या एका हॉटेलच्या सामानात.
पोटाला भेग, एक तार गायब, आत उंदरांचा संसार.
सुतार म्हणाला, याचं कपाट झकास होईल.
सुशीलाबाईंनी जुन्या बाजारातनं
मिलिटरीच्या तंबूचं कापड आणून त्याला खोळ शिवली.
त्या नाताळात पोरांना नवे कपडे नव्हते,
हे त्या मला सांगत, तक्रार म्हणून नाही,
खोळीची दुहेरी शिवण दाखवता दाखवता.

मला जॅझमधलं काय कळणार.
मी वेटरांच्या दाराशी, बशीत चहा ओतून उभा.
ट्रम्पेटवाल्यानं घाम पुसला तरी टाळ्या,
पियानोवाल्याला बायकांच्या चिठ्ठ्या.
मास्तर खांबाआड, बासला कवळ घालून,
भिंतीला कान लावून
शेजारचं भांडण ऐकावं तसे.
एकदा म्हटलं, मास्तर, तुमचं तर ऐकूच येत नाही.
म्हणाले, घरात वावरताना तुला फरशी ऐकू येते का?

एका शनिवारी लाइट गेली.
गिटार मेली, माइक मेला,
गाणारी पोरगी अर्ध्या शब्दावर थांबली.
मास्तर थांबले नाहीत.
कुणी सांगितलं नव्हतं की लाइट जाणं म्हणजे गाणं संपणं.
अंधारात आधी एक चप्पल घासली, मग दुसरी.
माणसं नाचत होती, कुणाबरोबर ते न बघता.
माझ्या हातातल्या बशीत चहाला, खरं सांगतो,
बारीक बारीक वळ्या पडत होत्या.
अकरा मिनिटं. मग लाइट आली
आणि सगळ्यांनी गाणारीला टाळ्या दिल्या.

पुढं की-बोर्ड आला. त्याच्या डाव्या हातात बास फुकट.
मॅनेजरनं नीट सांगितलं, चहा पाजून सांगितलं.
त्या रात्री मास्तर सायकलवर बसले नाहीत.
म्हणाले, तू हळू घे, मी चालत येतो.
मी पहिल्या गिअरमध्ये, ते बाजूनं,
एका हातात सायकल, दुसरा बासच्या मानेवर.
ताबूत स्ट्रीटला कुत्री भुंकली, तेवढंच.
घरी पोचल्यावर पाकीट काढलं. मी घेतले.
न घेणं बरं दिसलं नसतं.

नंतर चर्चमध्ये रविवारी वाजवत.
फादरच्या मते जरा जास्तच.

गेल्यावर बाईंनी मला बोलावलं.
वानवडीची एक मुलगी शिकायला यायची, घोरपडे म्हणून,
तिच्याकडं पोचव, म्हणाल्या, मुलाला कुवेतला नको आहे.
मुलगी स्कूटीवर मागून आली.
आरशात बघितलं तर ओठांनी काहीतरी मोजत होती.
मीटरवर आकडा आला, वर हाफ रिटर्न सांगितलं.
दिवसाढवळ्या? ती म्हणाली.
हो, म्हटलं, या गिऱ्हाइकाला तसंच आहे.

येताना रिक्षा रिकामी.
भैरोबा नाल्यापाशी स्पीडब्रेकर आला
आणि माझा डावा हात मागं गेला,
मान धरायला.